वर्ग भरला आहे

"शाब्बास! अगदी बरोबर उत्तर. बस खाली," असं कपाटाला सांगून वेनछी खिडकीकडे वळली. "आता मागच्या बाकावरचं कोण सांगतंय?"

मागच्या बाकावर वाळत घातलेले मोजे होते. ते काही बोलले नाहीत. वेनछी उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि पुढचं वाक्य विसरली.

शिक्षक पात्रतेची लेखी परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. गाडी अडली होती तोंडीला. तिथे रिकाम्या खोलीत तीन परीक्षकांसमोर उभं राहायचं आणि समोर वर्ग भरलेला आहे असं समजून शिकवायचं. प्रश्न आपण विचारायचा, मुलांनी काय उत्तर दिलं ते आपणच धरून चालायचं, वर शाबासकीही द्यायची. वेनछी दोन वेळा तिथेच आपटली होती. प्रश्न विचारला की ती खरोखरच उत्तराची वाट बघायची. परीक्षक तिच्याकडे बघायचे, ती परीक्षकांकडे, आणि घड्याळ आपलं चालू असायचं. यंदा नापास झाली तर लेखीचे गुणही बाद होणार होते. ज्या बालवाडीत ती मदतनीस होती तिथल्या बाईंनीही प्रमाणपत्राशिवाय शिक्षिकेची जागा मिळणार नाही, असं बजावून सांगितलं होतं.

यंदाच्या परीक्षेचं आईनं शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळा तिनं जिन्यात मोठ्या तोंडानं सांगून ठेवलं होतं आणि नंतर कितीतरी दिवस कचरा टाकायला मागच्या दारानं जावं लागलं होतं. चीनच्या हुनान प्रांतातल्या त्या छोट्या शहरात इमारती जुन्या होत्या, भिंती पातळ होत्या आणि जिन्यावर शेंगदाणे सोलत बसणाऱ्या आज्यांचे कान तिखट होते.

एका दुपारी पलीकडच्या ताओ आजी खारवलेली बदकाची अंडी घेऊन आल्या. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मी सगळं ऐकलंय हं."

आईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "काय ऐकलंत?"

"शिकवणी चालते ना घरात? घाबरू नकोस. खासगी शिकवण्यांवर सरकारची बंदी आहे ते ठाऊक आहे मला, मी कुणाला सांगायची नाही. फक्त माझ्या नातीला घ्या."

"आजी, घरात एकही मूल नाही हो!"

"हेच सांगायचं. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं," म्हणत आजींनी डोळा मारला. "पण शिस्त काय लावलीय पोरीनं! एवढी मुलं आत, आणि एकाचाही आवाज नाही."

आता परीक्षेचं सांगावं तर तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तोंड कुठं लपवायचं? आईला दुसरं काही सुचेना. ती पटकन बोलून गेली, "वर्ग भरलाय आजी. जागाच नाही."

तिथेच चुकलं. बंदी असताना, कुठेही पाटी नसताना जो वर्ग भरतो तो किती चांगला असेल! संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून दारात धुरावलेलं टोफू आलं, घरच्या मिरच्यांचं लोणचं आलं, एका आजोबांनी तर जिवंत कोंबडी आणली. आई सगळ्यांना परत पाठवत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपली कोंबडी कमी पडली.

शेवटी कुणीतरी चिडून तक्रार केली.

वेनछी गोगलगाईचा धडा घेत असताना दार वाजलं. मोहल्ला समितीच्या मेंगबाई, त्यांचा एक जाडजूड सहकारी आणि शिक्षण खात्याचा चष्मेवाला पेई नावाचा तरुण आत शिरले. मागोमाग ताओ आजी आणि निम्मा जिना.

"मुलं कुठायत?" मेंगबाईंनी विचारलं.

"नाहीत हो," आई रडकुंडीला आली.

"आत्ता 'गडबड करू नका' असं कुणाला सांगत होती ही?"

सहकाऱ्यानं कपाट उघडलं. गाद्या अंगावर आल्या. मेंगबाईंनी पलंगाखाली वाकून बघितलं. पेईनं बाल्कनीत जाऊन कोबीच्या बरणीचं झाकण उचललं आणि स्वतःच लाजून परत ठेवलं.

"मी परीक्षेची तयारी करतेय," वेनछी म्हणाली. "तोंडीची. तिसऱ्यांदा." आईनं डोळे मिटून घेतले.

"मग करून दाखव," मेंगबाई म्हणाल्या आणि तिघंही सोफ्यावर ओळीनं बसले.

तीन माणसं, समोर एकटी वेनछी. अगदी परीक्षेसारखंच. तरी तिनं विचारलं, "मुलांनो, गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन का फिरते?" आणि नेहमीसारखीच वाट बघत उभी राहिली.

"सून बाहेर काढेल म्हणून!" दारातून ताओ आजी ओरडल्या.

"काहीतरीच!" मेंगबाईंना राहवेना. "आजकाल घरं परवडतात का? असलेलं कोण सोडेल?"

वेनछीनं दोघींकडे पाहिलं. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "छान विचार केलात दोघींनी! पण बोलायच्या आधी काय करायचं असतं?"

मेंगबाईंनी निमूट हात वर केला. मग जाडजूड सहकाऱ्यानंही केला. धडा रंगला. गोगलगाईच्या शिंगांवरून दोन आज्यांचं भांडण झालं, ते वेनछीनं मिटवलं, एकीला पुढे बोलावून शिंगं काढायला लावली. धडा संपला तेव्हा कोंबडीवाले आजोबा टाळ्या वाजवत 'उगीच तक्रार केली मी!' म्हणाले, आणि त्यामुळे तक्रार कुणी केली तेही सगळ्यांना कळलं.

"विद्यार्थी आढळले नाहीत," मेंगबाई उठता उठता म्हणाल्या. "आणि ही गोगलगाय पुढे कुठे जाते?"

सगळे गेले. पेई मात्र दारात बूट घालत रेंगाळला. लेस बांधून झाली तरी उठेना.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी खात्यात हंगामी आहे. येत्या रविवारी माझीही तोंडी आहे. समोर कुणी नसताना उत्तर आलं असं धरून पुढे कसं जायचं हो? मी आपला वाटच बघत बसतो."

वेनछीला इतकं हसू आलं की तिला जमिनीवर बसावं लागलं. मग दोघांनी रविवारपर्यंत रोज तयारी केली. त्यानं शिकवायचं, तिनं गप्प बसायचं. तिनं शिकवायचं, त्यानं गप्प बसायचं. कितीही बावळट वाटलं तरी उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं होतं. हळूहळू शांततेची भीती गेली.

रविवारी वेनछीनं रिकाम्या खोलीला प्रश्न विचारला, रिकाम्या खोलीचं कौतुक केलं आणि न अडखळता बाहेर आली. निकाल लागला तेव्हा दोघंही पास होते. आईनं या वेळी जिन्यात पुन्हा मोठ्यानं सांगितलं आणि पुढच्याच दारानं कचरा टाकून आली.

बालवाडीत जागा निघेपर्यंत थांबावं लागलं नाही. सप्टेंबरमध्ये शहराबाहेरच्या एका प्राथमिक शाळेनं तिला पहिलीचा वर्ग दिला. पहिल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे बाजार भरावा तसा कल्लोळ चालला होता.

"कसं झालं गं?" आईनं विचारलं.

वेनछीचा आवाज पार बसला होता. "प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरं देतात गं! सगळे एकदम! एक जण बाकाखाली आहे, एकीला घरी जायचंय, दोघांनी माझा खडू खाल्ला."

"अगं, पण तू तर एवढी तयारी केली होतीस!"

"केली होती ना आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण इथं खरीच मुलं आहेत!"