यंदाचे दोन अदार

मुलाच्या तेराव्या वाढदिवसाची तिथी काढायला पिट्सबर्गच्या धर्मगुरूंना, रब्बींना, ट्रंककॉल करावा, की आपलंच डोकं चालवावं? मी डोकं चालवलं. (बायको, हेनी, अजून म्हणते की ज्याची सवय नाही ते मुळात करू नये.)

आमच्या गावात यहुदी पुरुष नऊ, आणि प्रार्थनेत तोराह या धर्मग्रंथाची गुंडाळी उघडायला दहा लागतात. दहावे कॅप्लानआजोबा फ्लोरिडाला लेकीकडे राहायला गेल्यापासून गुंडाळी कपाटात बंद होती, आणि सगळे माझ्या लाझरकडे डोळे लावून बसले होते. तेरा वर्षं पूर्ण झाली की मुलगा मोठ्यांत मोजला जातो, म्हणजे तो दहावा. त्याचा जन्म आमच्या पंचांगातल्या अदार महिन्यातला. अदार लागल्याबरोबर मी शनिवार पक्का केला, न्यूयॉर्कहून बहिणी बोलावल्या आणि हेनीनं मधाचे केक भाजले.

शनिवारी लाझर प्रार्थनेची शाल पांघरून सिनेगॉगमध्ये तोराहमधला त्या दिवसाचा अध्याय म्हणायला उभा राहिला, तोच घड्याळवाले गुटमन म्हणाले, "झेलिग, यंदा अधिक महिना आहे. अदार दोन. हा पहिला."

"मग?"

"मग पोराचा वाढदिवस दुसऱ्यात. आज आपण नऊच."

"महिन्याभरानं काय बिघडतं?" (मी बुटांचा दुकानदार. अर्धा नंबर इकडेतिकडे आम्ही चालवून घेतो.)

गुटमननी कपाटाकडे पाहिलं. किती महिन्यांत ते उघडलं नव्हतं. "खरं आहे," ते हळूच म्हणाले. "पिट्सबर्गला कोण कळवतंय? उघडूया." सगळ्यांनी माना डोलावल्या.

लाझरनं शाल काढून घडी घातली. "नको, काका. कोणीतरी मोठं माणूस हे बोलेल म्हणून मी थांबलो होतो. आज मला धरलंत तर पहिल्यांदाच खोटा मोजला जाईन. पुढच्या महिन्यात खरा मोजा."

गुटमन चष्मा पुसू लागले. हा पोरगा माझा, असं बहिणींना ओरडून सांगावंसं वाटलं. (त्या माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती पाहून सांगितलं नाही.)

घरी केक खाताना मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. पण दर शनिवारचा अध्याय वेगळा. आता महिन्याभरात नवा कसा पाठ होणार?"

"झालाय, पप्पा. तारीख चुकतेय हे तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मोठ्यांना शिकवू नकोस. मग मी दुसऱ्या अदारचाच केला."

"आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून काय म्हणत होतास?"

उत्तर हेनीनं दिलं.

"तोच. आणि तू डोळे मिटून त्याच्या चुका काढत होतास."