खोकं नंबर एक

बांधकाम खात्यातल्या हेडक्लार्कांना एकदा वाटलं, आपणच गाडी चालवत दगडांचं वाळवंट पार करावं. वाटलं ते वाटलं, वर घरी बोलूनही बसले! बायको बावीस वर्षं "कुठंतरी न्या हो" म्हणत होती. तिने त्याच संध्याकाळी बॅग भरली. साहेबांनी मोठ्या मुश्किलीने आठ दिवसांची रजा दिली. आता माघार घेतली तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

शिक्का असल्याशिवाय हेडक्लार्कांचा कशावरच विश्वास बसत नसे. (लग्नाचं सर्टिफिकेट अजून पाकिटात आहे.) त्यांनी रेकॉर्डरूममधून खात्याचा नकाशा काढला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं : रस्ता नाही, नुसते दगड, चाकांतली हवा कमी करावी. मग यादी झाली, महत्त्वाप्रमाणे नंबर पडले आणि त्याच क्रमाने एकेचाळीस खोकी गाडीत चढली. नंबर एक, हवेचा पंप.

निघायच्या सकाळी त्यांनी अंगणातच चारी चाकांची हवा सोडली.

"अहो, हे आत्ताच कशाला?"

"आयत्या वेळी धांदल नको."

गाडी मटकन खाली बसली.

"अगंबाई! भरा आता परत. पंप कुठाय?"

"पहिल्या खोक्यात."

"आणि पहिलं खोकं?"

पहिलं खोकं चाळीस खोक्यांच्या खाली होतं. हेडक्लार्क उपसायला लागले. सदतिसावं, पाण्याच्या बाटल्यांचं, उचलताना कमरेत कट्ट झालं आणि ते वाकले ते वाकलेच. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस हलायचं नाही. बरोब्बर आठ!

बायको ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती डोळे पुसत बसली. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बहिणीला घेऊन तू तरी जाऊन ये," ते म्हणाले.

जा म्हटलं की माणूस थोडं तरी आढेवेढे घेतं. ही दहा मिनिटांत बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "अहो, काय सुंदर आहे इथे! बस थेट वाळवंटाच्या मधोमध आणून सोडते."

"रस्ता नसताना?"

"नसायला काय झालं? चांगला गुळगुळीत डांबरी आहे. बारा वर्षं झाली म्हणे. तुमच्याच खात्याची पाटी आहे."

हेडक्लार्कांना आठवलं. बारा वर्षांपूर्वी तशी एक फाईल टेबलावर आली होती खरी. 'जुना नकाशा दुरुस्त करावा' असं साहेबांनी वर लाल शाईने लिहिलंही होतं. ते काम जरा सवडीने करू, असं त्यांनी ठरवलं होतं.

आता चांगली पाच दिवसांची सवड होती, पण कूस बदलता येत नव्हती.