चेंडूंचा हौद

हेडक्लार्कना कचेरीत सगळे पाठीमागे ‘होयबा’ म्हणत, आणि तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांनी ‘होय’च म्हटलं असतं. सबंध नोकरीत त्यांच्या तोंडून नकार म्हणून निघाला नव्हता. त्यातून आता अधीक्षकाची जागा रिकामी होत होती आणि सगळं साहेबांच्या एका सहीवर अडलं होतं. त्यामुळे “यंदा बालदिन टेकडीवरच्या गरीब वस्तीत साजरा करू, सगळं तुम्ही बघा,” असं साहेब म्हणाले तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं.

वस्तीत सपाट जागा एकच. तिथे मांडव उभा राहिला, खुर्च्या लागल्या, फोटोवाला ठरला, आणि पुढे एक भाड्याने आणलेला, हवा भरायचा रबरी हौद ठेवला गेला. तो रंगीत चेंडूंनी काठोकाठ भरलेला होता. मुलांनी त्यात उड्या मारायच्या आणि साहेबांनी कौतुकाने बघायचं, असा बेत होता. शेवटी प्रत्येक मुलाला पाण्याची बाटली भेट मिळणार होती. बाटली अर्थातच रिकामी.

घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी मघापासून कमरेवर हात ठेवून हे निरखत होती. वस्तीत तिला सगळे ‘पुढारीण’ म्हणत.

“काका, तुम्ही टँकरच्या जागेवर मांडव घातलाय. आज पाण्याचा दिवस आहे आमचा.”

“होय का?”

“आज चुकलं की थेट परवा. टँकर आला की जागा द्याल ना?”

“होय होय, देऊ की!”

हेडक्लार्कनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब भाषणाचा कागद चाळत होते. “आज नको म्हणावं. मला मध्ये गडबड चालत नाही.”

“होय साहेब.”

भाषण सुरू झालं. मुलं हाताची घडी घालून बसली होती. “मुलं म्हणजे फुलं,” साहेब म्हणाले. “आणि फुलांना काय लागतं?” ‘प्रेम’ हे उत्तर ते स्वतःच देणार होते. पण “पाणी!” असं सगळी मुलं एका सुरात ओरडली आणि उठून पळाली. चढावर टँकर दिसला होता.

टँकरवाला खाली उतरला तोच करवादत. “हा तंबू कुणाचा? पिंपं पार तिकडे मागे, माझा पाइप पोचायचा कसा? हलवा लवकर, नाहीतर मी चाललो. पुढे आणखी वस्त्या आहेत.”

“होय, हलवतो,” हेडक्लार्क म्हणाले.

“त्याला उद्या यायला सांगा!” माइकवरून साहेब गरजले.

“होय साहेब!”

“उद्या माझी सुट्टी आहे. माझ्या बायकोची समजूत तुमचा साहेब घालणार का?”

“होय,” हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

एव्हाना बायका हंडे, बादल्या, डबे घेऊन जमल्या होत्या. हेडक्लार्कनी ज्याला त्याला होकार देऊन ठेवला होता आणि ते सगळे होकार आता एकमेकांच्या मुळावर आले होते. टँकरवाला परत गाडीत चढायला लागला. तेवढ्यात पुढारिणीने हेडक्लार्कची बाही ओढली.

“काका, पाइप या हौदापर्यंत पोचतोय. यात ओतायचं का?”

“होय,” ते सवयीने म्हणून गेले.

मग कुणाला आवरायला वेळच मिळाला नाही. पोरांनी हौद कलंडवला. चेंडू उतारावरून सुटले आणि वाटेतल्या घराघरांत डोकावत, गटारं ओलांडत खालच्या रस्त्याला लागले. हौद सरळ झाला आणि त्यात पाण्याची धार पडू लागली. “अहो, थांबा! हे काय चाललंय?” म्हणत साहेब व्यासपीठावरून धावले. मागे राहिलेल्या एका चेंडूवर त्यांचा पाय पडला आणि पडता पडता हाताला लागलं ते त्यांनी धरलं. तो पाइप होता. सोडला तर आपटू, या भीतीने त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. फोटोवाल्याला फोटो काढायचेच पैसे होते, त्याने काढला.

“हेडक्लार्क! हा हौद आत्ताच्या आत्ता रिकामा करा!”

हेडक्लार्कनी तोंड उघडलं. समोर हंडे घेतलेल्या बायका उभ्या होत्या. पुढारीण डोळ्यांची पापणी न हलवता त्यांच्याकडे बघत होती. नेहमीचा शब्द गळ्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. त्यांची मान हलली खरी, पण ती उभी हलली की आडवी, हे साहेबांना कळलं नाही. हौद काही रिकामा झाला नाही. पुढच्या टँकरपर्यंत वस्तीचं धुणंभांडं त्यावर निभलं.

त्या संध्याकाळी हेडक्लार्क रस्त्याच्या कडेने वाकून वाकून चेंडू गोळा करत होते. अधीक्षकाची जागाही याच उतारावरून गेली, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पण फोटो मुख्य कचेरीत पोचला आणि तिकडून शाबासकीचं पत्र आलं. भाषणं ठोकणारे पुष्कळ, स्वतः पाइप धरून गरिबांचं पाणी भरणारा साहेब विरळा! साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि हेडक्लार्कना टेबलापाशी बोलावलं. बढतीचा कागद पुढ्यात होता. पेनचं टोपण काढलेलं होतं.

“पुढच्या वर्षीही त्या पोरांना असाच हौद द्यायचा. कशी आहे माझी कल्पना? बरोबर ना?”

उत्तर सगळ्या कचेरीला पाठ होतं. टायपिस्टने मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

“नाही साहेब,” हेडक्लार्क म्हणाले.

टायपिंग थांबलं.

“पुढच्या वर्षी नळ.”

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग कागदाकडे, मग भिंतीवर नुकत्याच लावलेल्या स्वतःच्या फोटोकडे.

“नळ मीच सोडायचा ना? फोटोवाला असेल ना?”

“होय साहेब,” होयबा म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं.