डॉक्टर मॅडमची मराठी

पाळी जाऊन दीड वर्ष झालेल्या कांताला पुन्हा डाग दिसू लागले, तेव्हा आठ दिवस तिनं कोणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी ती पोळ्या लाटता लाटता रडायला लागली. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवणारा तिचा नवरा कवडू घाबरून म्हणाला, "काय झालं तुले?"

"मले कॅन्सर झाला."

कवडूनं गॅस बंद केला आणि स्कूटी काढली.

मोहन नगरातल्या दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या, प्रांजली मॅडम. नाशिकच्या, लग्न होऊन दुर्गला येऊन वर्षच झालेलं. दिवसभर हिंदी बोलून त्या कंटाळल्या होत्या. कार्डावर मराठी आडनाव दिसताच त्यांचा चेहरा फुलला. कवडूला बाहेर बसवून त्या म्हणाल्या, "काकू, आपण मराठीतच बोलू या!" कांतालाही हायसं वाटलं. दोघी हिंदीतच बोलल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

डागांबद्दल ऐकून घेऊन मॅडमनी जरा आवाज खाली आणला. "काकू, संबंध असतात का अजून?"

"असतेत ना. सगळ्यायशी असतेत."

मॅडमचं पेन थांबलं. "सगळ्यांशी?"

"रुआबांध्यात राहून तीस वर्षं झाले. मी कोणाशीच तोडत नाही."

"आणि... काकांना माहीत आहे?"

"तेच तं म्हणतेत, ठेवत जा म्हणून. टाइम असला तं सोबत येतेत."

मॅडम घोटभर पाणी प्यायल्या. "शेवटचा संबंध कधी आला होता?"

शेवटचं जाणं-येणं कधी झालं, असं विचारत असतील, असं कांताला वाटलं. "मांगच्या आइतवारी. उतई गावाले. चाळीसक लोकं होते."

"काही साधन वापरता?"

"वापरतो ना. स्कूटी हाये ह्यायची. मी मांगं घट्ट धरून बसतो."

मॅडमनी मान खाली घातली आणि भराभर तपासण्या लिहिल्या. "काकांचंही रक्त तपासावं लागेल. घाबरू नका, मी कोणाला सांगणार नाही."

कोणाला सांगणार नाही म्हणजे आपलं काही खरं नाही, असं समजून कांतानं बाहेर येऊन कागद कवडूच्या हातात दिला. त्यानं तो वाचला. त्यात एचआयव्हीची तपासणी होती. खाली त्याचंही नाव होतं.

दोघं स्कूटीवरून घराकडे निघाले. तिला त्याच्या नाइट शिफ्टा आठवत होत्या. त्याला काहीच आठवत नव्हतं, म्हणून तो जास्त घाबरला होता. शेवटी चौकाच्या अलीकडे एका झाडाखाली त्यानं गाडी थांबवली.

"कांता, तिनं तुले काय विचारलं? एकेक शब्द सांग."

कांतानं सांगितलं. 'चाळीसक लोकं' ऐकून कवडू फूटपाथवर बसला. स्कूटीपर्यंत आल्यावर त्यानं डोकंच धरलं. मग इकडेतिकडे बघून त्यानं तिच्या कानात 'संबंध' म्हणजे काय ते सांगितलं.

"अवो माय!" कांतानं तोंडाला पदर लावला. "आनं मी उतई म्हटलं!"

"डॉक्टरपुढं लाजाचं नसते. चाल वापस, साफ साफ सांग."

या वेळी कांता खुर्चीवर बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, तुमी नवराबायकोचं विचारून राहिल्या होत्या का? मंग तसं विचारा ना. मी दोन लेकरांची माय हाये."

मॅडम लालेलाल झाल्या. त्यांनी पहिला कागद फाडला, खुर्ची जवळ ओढली आणि सरळ विचारलं. शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं का? त्यानंतर रक्त जातं का? कोरडं वाटतं का? कांताचे डोळे भरून आले. वर्षभर दुखत होतं. वयच झालं म्हणून ती दात आवळून सोसत राहिली होती, कारण हे कोणी विचारतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना पाठवला. ते दहा दिवस कांतानं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. भाजीत दोनदा मीठ जास्त पडलं, कवडूनं दोन्ही वेळा मुकाट्यानं खाल्लं.

रिपोर्ट चांगला आला. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी, नाजूक होते, त्यातून रक्त येत होतं. मलम लावा, पुन्हा डाग दिसला तर लगेच या, असं मॅडमनी चित्र काढून समजावलं.

दोघं उठले. कवडू मात्र दारात घुटमळला.

"काका, काही विचारायचंय?"

कवडू छताकडे बघत म्हणाला, "काही नाही... पाइपलाइनचं प्रेशर कमी झालं हाये. सहा महिने झाले. थांबून थांबून येते."

"अय्या, इथल्या बाथरूमच्या नळालाही तेच झालंय!" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही प्लांटमधले ना? जरा बघता का?"

"बघतो ना!" म्हणत कवडू सुटल्यासारखा बाथरूममध्ये शिरला आणि त्यानं आतून कडी घातली.

कांता परत येऊन खुर्चीवर बसली.

"मॅडम, नवीन कार्ड काढा. नाव लिहा, कवडू."