डाव्या हाताचं बोलावणं

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी इथे आखातात, रुवीतल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून न जेवता सुटणं अवघड. परबकाकांच्या फ्लॅटचं दार सताड उघडं असतं. दारातल्या चपलांच्या स्टँडवर चिनीमातीचं एक गुबगुबीत जपानी मांजर पंजा वर करून बसलेलं असतं. आपण जरा थबकलो की आतून आवाज येतो, "अर्बाबनं बोलावलंय! यल्ला, आत!"

अर्बाब म्हणजे इकडे मालक. गॅरेजच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये उभं आयुष्य काढलेले काका घरी या मांजराच्या नोकरीत आहेत. जुन्या टूथब्रशनं त्याला घासतात, कानामागचं पाणी टिपतात. दुपारपर्यंत कुणी आलं नाही की त्यालाच झापतात, "काय अर्बाब, आज सुट्टीवर?" आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सुरमई खायला बसवतात.

एकदा मी म्हटलं, "काका, मुलाखतीला निघालेल्याला दारातच मांजर दिसलं तर?"

"आडवं जातंय का ते? एका जागी बसलंय ना? मग खलास!"

गेल्या डिसेंबरात माझी आई संगमेश्वराहून आमच्याकडे आली. काकांनी व्हॉट्सअॅपवर मांजराचा फोटो पाठवला. हेच त्यांचं आमंत्रण. आईला घेऊन मी वर गेलो, तर ती उंबऱ्याशीच थांबली.

"हे डाव्या हातानं बोलावतंय."

"आई, ते खेळणं आहे गं."

"असू दे. डाव्या हातानं बोलावतात होय कुणी? मी नाही यायची."

आई एकदा अडून बसली की संपलं. मी काकांना हळूच म्हटलं, "आजच्या दिवस आत ठेवा ना." मला वाटलं, रस्त्यावरच्या माणसाला ओढून आणणारे काका पाहुणीसाठी एवढं सहज करतील. काकांनी मांजर उचललं, ते हातात घेऊन क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

"माफ करा, वहिनी. तुमचा डबा खाली पाठवतो. पण अर्बाब हलणार नाही."

आईचा चेहरा पाहून ते खाली बघत बोलू लागले.

"आमची ही, सुनंदा, डावखुरी होती. माझी आई तिला पंगतीत वाढू द्यायची नाही. मीही चारचौघांत तिचा हात धरायचो, म्हणायचो, उजवा घे. पुढेपुढे माणसं आली की ती डावा हात पदराखालीच ठेवायला लागली. ती गेली, त्यानंतर सहा महिन्यांनी आमचे जपानी साहेब मायदेशी परतले. जाताना हे देऊन गेले. म्हणाले, उजवा पंजा पैशाला बोलावतो, डावा माणसांना." काकांनी मान वर केली. "हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर, वहिनी?"

मला फार वाईट वाटलं.

आईनं चपला काढल्या. वाकून त्या स्टँडमध्ये नीट ठेवल्या आणि मांजराच्या वर केलेल्या पंजाला हात लावला.

"आत येते हं, सुनंदा," ती म्हणाली.

काका घाईघाईनं भात बघायला स्वयंपाकघरात गेले. भात केव्हाच झाला होता.