तीन फोटो बाकी

निवृत्त अभिलेखपालांच्या घरच्या संगणकावर गेले नऊ दिवस 'तीन फोटो बाकी' अशी सूचना झळकत होती. छत्तीस वर्षं सरकारी कागद सांभाळलेल्या माणसाला 'बाकी' हा शब्द सोसत नाही. दहाव्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि संगणकासमोर खुर्ची ओढली.

"अहो, त्याच्या वाटेला जाऊ नका," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्या बाबांचा हसरा फोटो तेवढा काढून द्या. मोठा करून भिंतीवर लावायचाय."

सासरे मागच्याच वर्षी गेले. शहाऐंशी वर्षांत ते कॅमेऱ्यासमोर एकदाच हसले, त्याचा हा एकुलता एक फोटो. तो संगणकावर होता आणि बायकोच्या फोनमध्येही होता. इथेच अभिलेखपालांच्या कपाळाला आठी पडली.

एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती! एक कार्यालयीन, बाकीच्या दुबार, आणि दुबार प्रतींची तात्काळ विल्हेवाट, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी संगणकातली प्रत कार्यालयीन ठरवली आणि फोनमधली काढून टाकली. काढून टाकलेला फोटो तीस दिवस वेगळ्या कप्प्यात राहील, असं फोनने कळवलं. असला ढिलेपणा त्यांनी नोकरीतही खपवून घेतला नव्हता. त्यांनी तो कप्पाही रिकामा केला आणि वहीत तारीख घालून सही ठोकली.

मग मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, तुमचं सिंक, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरची जुळणी, अडकलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "लॉगआउट करून परत लॉगइन करा. आता कॉम्प्युटर बंद करून चालू करा. झालं?"

तिनाचे दोन झाले, दोनाचा एक झाला आणि हिरवी खूण उमटली. अभिलेखपालांनी टाळी वाजवली. तेवढ्यात सासरे पडद्यावरून नाहीसे झाले.

"अहो बाई, फोटो गेला!"

"फोनमधून तुम्हीच काढलात ना सर? मग सगळीकडूनच जातो. इतके दिवस बिघाड होता, म्हणून राहिला होता."

"म्हणजे बिघडलेलं होतं तोवर फोटो होता?"

"हो सर. आता सगळं सुरळीत आहे. तक्रार निकाली काढू ना?"

"मुळीच नाही! माझा आक्षेप लिहून घ्या."

"आक्षेपासोबत गहाळ झालेला फोटो जोडावा लागेल, सर."

हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षं खिडकीच्या आतून लोकांना ऐकवलं होतं. बाहेर उभं राहून ते आज प्रथमच ऐकलं.

बायको हात पुसत आली. पार्किंगमधले खांब, औषधांच्या पट्ट्या, चुकून निघालेले अंगठे असे अकरा हजार फोटो सुखरूप होते. तिने ते शेवटपर्यंत पाहिले; बाबा कुठेच नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी बघून अभिलेखपालांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चित्रकाराकडून काढून घेऊ," ते चाचरत म्हणाले. "बाबा हसले कसे, तेवढं सांग. डोळे मिटले होते का?"

"मला काय माहीत? मी फोटो काढत होते. तुम्ही सांगा ना."

"मी माझा फोन शोधत होतो."

वाचकहो, हसू नका. हसायचंच असेल, तर आसपास कोणाच्या हातात फोन नाही ना, हे आधी बघून घ्या. निदान कोणीतरी तुमच्याकडे बघेल.