बेचाळिसावा नंबर

अपघात झालाच तर कोणाला कितव्या नंबरला वाचवायचं, याची यादी सुयोग कॉलनीनं फाटकावर लावली नव्हती, म्हणून गुरुवारी सकाळी बिनड्रायव्हरची गाडी अप्पा डुबलांना दवाखान्यात न्यायला तयार होईना.

नियम सरळ होता. दोघांपैकी एकालाच वाचवता येईल अशी वेळ आली, तर कोणाला, हे गाडीनं ठरवायचं नाही. ते ज्या त्या गल्लीनं सभा घेऊन ठरवायचं आणि सेक्रेटरीच्या सही-शिक्क्यानिशी फाटकावर डकवायचं. दोघांना एक नंबर चालत नाही. यादी नसेल त्या गल्लीतला माणूस गाडी उचलत नाही. मुदत बुधवारी संपली होती. हातानं चालवायच्या गाड्या कराडात बंद होऊन वर्ष झालेलं, त्यामुळे दुसरी सोयही नव्हती.

अप्पांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार अकरा वाजता डायलिसिस. पूर्वी त्यांच्या मुलाला दर खेपेला पुण्याहून रजा काढून यावं लागायचं. ही गाडी आल्यापासून दोन वर्षं अप्पा एकटे जात होते. गाडीच दार उघडायची, पट्टा बांधायची, स्वेटर घेतला का विचारायची. पण परवा मंगळवारी दवाखान्यातलं मशीन बिघडलं आणि अप्पांची पाळी चुकली. आज चुकली असती तर शनिवार गाठणं कठीण होतं. हे सांगायला डॉक्टर नको होता, त्यांचे सुजलेले पाय दिसत होते.

"सव्वादहापर्यंत थांबते," गाडी फाटकाबाहेरून म्हणाली. "नंतर मला दुसरीकडे जायचं आहे."

सभा मालनताई वाठारकरांच्या ओट्यावर भरली, कारण तिथून चौदाही घरांची दारं दिसतात. मालनताईंनी ओटा बांधून घेतला तोच त्यासाठी. कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना चेहरा कसा होता, हे त्यांना विचारावं. पण कोणी आजारी पडलं की पेजेचं पातेलं पहिलं त्यांच्याकडूनच यायचं, म्हणून त्यांच्या चौकशांचं कोणी मनावर घेत नसे.

वरचे नंबर पटापट झाले. पोतदारांची सव्वा महिन्याची नात एक नंबर. मग शाळकरी पोरं, मग त्यांच्या आया. नऊ पन्नासपर्यंत एकेचाळीस माणसांतली अडतीस लागली. वरचे नंबर वाटताना सगळेच उदार असतात. उरले तिघं: अप्पा, मालनताई आणि लिहिता लिहिता स्वतःलाच विसरलेले सेक्रेटरी कराळे.

"मी एकोणचाळीस घेतो," कराळे म्हणाले आणि लिहूनही मोकळे झाले.

"अहो, मला घाला एकेचाळिसावा," खुर्चीत बसलेले अप्पा म्हणाले. "शहात्तर झाली. मिटवा एकदाचं."

"शेवटच्या क्रमांकाची व्यक्ती मला आत बसवता येत नाही," गाडी फाटकापलीकडून म्हणाली. "वेळ आल्यास तिला सोडायचं असतं. ती आतच असेल तर मला स्वतःलाही सोडावं लागेल."

सगळ्यांनी मालनताईंकडे पाहिलं.

"ताई, तुम्हीच घ्या की," सुनंदावहिनी पोतदार म्हणाल्या. "तसं तुमच्यामागं कोण आहे?" ताटात उरलेला लाडू घ्या म्हणावं, तितक्या सहज त्या म्हणाल्या.

दिवसातून चाळीस वेळा मालनताई रस्ता ओलांडायच्या. समोरच्या घरचं कळणार कसं? त्यात शेवटचा नंबर. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना बघून, देवाचं नाव घेऊन जायचं, तेही नुसतं कोणाची सून माहेराहून आली हे बघायला. पण अप्पा मान खाली घालून पायांकडे बघत होते आणि दहा वाजून तीन मिनिटं झाली होती.

त्या उठून फाटकापाशी गेल्या.

"अगं, तुझं नाव कुठंय यादीत?"

"मी रहिवासी नाही."

"दसऱ्याला तुला झेंडूची माळ कोण घालतं?"

"तुम्ही. दोन्ही वर्षांची नोंद आहे."

"आणि चाकाखाली लिंबं?"

"पोतदार. दर वर्षी चार."

"मग? परक्याच्या गाडीला असं कोणी करतं का? तू घरचीच. आणि घरात वाढणारी बाई शेवटी जेवते. पंगत उठते, मग ती बसते. आमची ने-आण तू करतेस. म्हणजे वाढणारी तू."

गाडीचा एक दिवा लागला, विझला. "हा नियम कुठे लिहिला आहे?"

"लिहायला कशाला पाहिजे? बत्तीस वर्षं मी तेच केलंय."

"वाढणारी आधी जेवल्याचं एखादं उदाहरण?"

मालनताईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सासूबाई, जावा, आई, सगळ्या आठवल्या. "नाही बाई," त्या म्हणाल्या.

दहा नऊला गाडी म्हणाली, "मान्य. बेचाळीस लिहा. पण मी घरची असेन, तर मी गेल्यावर माझं सुतक कोण पाळणार?"

ओट्यावर एकच गलका झाला.

"तीन दिवस म्हणा!" कराळे ओरडले.

"दहा," गाडी म्हणाली.

"अहो, आमच्या नातीचं बारसं राहिलंय!" सुनंदावहिनींचा आवाज चिरकला. "पुढच्या आठवड्यात हॉल घेतलाय!"

"बारशापर्यंत मी सावकाश चालेन," गाडी म्हणाली.

"दहा तर दहा," मालनताई म्हणाल्या. "मी पाळीन, आणि ह्या सगळ्यांकडून पाळून घेईन. कराळे, लिहा ठराव."

कराळ्यांनी लिहिला. मालनताई चाळीस, अप्पा एकेचाळीस, गाडी बेचाळीस. शिक्का काढला तर शाई पार वाळलेली. मालनताई धावत देवघरात गेल्या आणि वाटीत कुंकू कालवून घेऊन आल्या. लाल शिक्का उमटला. दहा तेराला यादी फाटकावर चिकटली.

दार उघडलं. "अप्पा, स्वेटर घेतला का?" गाडीनं नेहमीसारखं विचारलं.

ती साडेतीनला अप्पांना घेऊन परत यायची. साडेतीन झाले. पावणेचार झाले. चार वाजता मालनताईंनी पोह्यांसाठी तेल तापत ठेवलं, खिडकीतून रिकामा रस्ता पाहिला आणि हातात मोहरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सुतकात घरात फोडणी घालत नाहीत. त्यांनी गॅस बंद केला. मग लक्षात आलं, पोतदारांकडूनही वास येत नव्हता. कराळ्यांकडूनही नाही. चार वाजता कॉलनीत फोडणीचा वास नाही, असं त्यांना कधी आठवत नव्हतं. चौदा घरांच्या खिडक्यांत बायका उभ्या होत्या.

चार वीसला गाडी वळणावर दिसली.

"अहो, काय सांगू," अप्पा उतरता उतरता म्हणाले. चेहऱ्यावर जरा तरतरी होती. "रस्त्यात जो दिसेल त्याला ही आपली 'तुम्ही आधी, तुम्ही आधी.' हातगाडीला वाट दिली. शेळ्यांना दिली. एक म्हातारी नुसती कडेला उभी होती, तिला ओलांडायचंच नव्हतं, तरी ही थांबून."

"मी बेचाळिसावी आहे," गाडी म्हणाली.

"असू दे," मालनताई म्हणाल्या, आणि पदरानं तिच्या काचेवरची धूळ पुसली. "सकाळी मात्र अर्धा तास लवकर येत जा."

तेव्हापासून मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी गाडी परत येईपर्यंत सुयोग कॉलनीत कोणी फोडणी घालत नाही. चार वाजले की सुनंदावहिनी खिडकीतून हाक मारतात, "ताई, आली का हो?"

मालनताई ओट्यावरच असतात. "वळणावर आहे. कोणाला तरी वाट देतीय." मग थोड्या वेळानं, "आली गं बाई, आली."

आणि चौदाही घरांत एकदम मोहरी तडतडते.